रिकामा फ्लॅश

आमच्या लोखंडी कपाटातला मधला कप्पा माझ्या साड्यांचा, असं लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं. दोन हजार आठ साल उजाडलं तरी माझ्या साड्या तिथे अंग चोरून बसलेल्या होत्या आणि उरलेल्या जागेत आमच्या ह्यांचे मेलेले कॅमेरे ऐसपैस पसरले होते.

हे म्हणजे मल्हारी. नाशिक रोडला, जेल रोडवर आमचा फोटो स्टुडिओ. खाली दुकान, वर दोन खोल्या. हे रोलच्या काळापासूनचे फोटोग्राफर, पण डिजिटल आलं तेव्हा आमच्या भागातला पहिला डिजिटल कॅमेरा ह्यांनीच आणला, आणि त्याचा तोरा अजून उतरलेला नाही. तो कॅमेरा फ्लॉपीवर फोटो घ्यायचा. हातात धरला की वीट धरल्यासारखं वाटायचं. एका फ्लॉपीत इतके कमी फोटो मावायचे, की अर्ध्या मंगलाष्टका होईपर्यंत ह्यांचे खिसे उलटेपालटे. दुसरा कॅमेरा पेन्सिल सेल इतके खायचा की कोपऱ्यावरच्या वाण्याला वाटायचं, आम्ही सेलची भाजी करतो. तिसरा गुणी निघाला, पण दोन पावसाळ्यांत आंधळा झाला. बटण दाबलं की आवाज यायचा, फ्लॅशही लख्ख पडायचा, फोटो मात्र काळाकुट्ट. मागचा छोटा पडदाही कायमचा विझलेला. चौथ्यात सगळी माणसं जांभळी यायची. एका साखरपुड्यात अख्खं व्याही मंडळ जांभळं आलं, तेव्हा तोही कपाटात जाऊन झोपला.

माझं म्हणणं सोपं होतं, की मोडीत द्या. ह्यांचं म्हणणं, ज्या वस्तूनं आपल्याला जेवू घातलं ती मोडीत कशी द्यायची? मी म्हटलं, मग विका. तेही करून झालं. दुकानात पाटी लावली. ओझरच्या विमान कारखान्यातला अश्विन नावाचा एक तरुण आला, फ्लॉपीचा कॅमेरा त्यानं खालीवर करून पाहिला, फार कौतुक केलं, चहा प्याला, आणि आता फ्लॉपी मिळते कुठे असं विचारून निघून गेला. भंगारवाला कारभारी दर रविवारी हातगाडी घेऊन आमच्या गल्लीत यायचा. त्यानं तर नखानं खरवडून सांगितलं की यात लोखंड नाही, तांबं नाही, नुसतं प्लॅस्टिक आहे, पण तुमचा जीव गुदमरतोय म्हणून नेतो. हे इतके दुखावले की दोन रविवार त्याला रद्दीसुद्धा दिली नाही.

मग ह्यांनी तिसरी वाट काढली. म्हणे काहीतरी उपयोग करू. जांभळा कॅमेरा दुकानाच्या दारावर खिळ्याला टांगला आणि खाली लिहिलं, ‘तुमच्यावर नजर आहे’. चोर घाबरतील असा हिशेब. झालं असं, की पासपोर्ट फोटोला येणारी माणसं आत शिरण्याआधी त्याच्यासमोर उभी राहून भांग पाडायला लागली. मी कपाळावर हात मारून घेतला आणि मनाशी ठरवलं, हे एखाद्या लग्नाच्या ऑर्डरला गेले की गुपचूप सगळे कारभारीच्या हातगाडीवर. विचारायचंच नाही. विचारलं की नाही म्हणतात.

पण पुढच्या लग्नाच्या ऑर्डरला ह्यांनी मलाच बरोबर नेलं.

लग्न होतं सुनीलचं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला असलेला मुलगा, घरचे मूळ पेठ रस्त्याकडच्या डोंगरातले. त्यांची अट होती, फोटोग्राफर दोन पाहिजेत. ह्यांचा जोडीदार राजू नुकताच मनमाडला रेल्वेत चिकटला होता. दोन दिवस हे येरझाऱ्या घालत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तो आंधळा कॅमेरा कपाटातून काढला, त्यात नवे सेल भरले आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला.

मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, तू फक्त रिकामा फ्लॅश मार.

रिकामा फ्लॅश ही ह्यांच्या धंद्यातली जुनी युक्ती. रोलच्या काळात एका रोलमध्ये फोटो मोजके, आणि लग्नात हौशी पाहुणे अगणित. नवऱ्याच्या मामाचा साडू, त्या साडूचा व्याही, सगळ्यांना स्टेजवर जोडीनं उभं राहायचं असतं, आणि अल्बममध्ये त्यांना जागा द्यायची लग्नघराची मुळीच इच्छा नसते. नाही म्हणावं तर मानपानाचं भांडण. म्हणून फोटोग्राफर रोल न सरकवता नुसता फ्लॅश पाडायचा. पाहुणा खूश, लग्नघर खूश, रोल शाबूत. अल्बम येईपर्यंत पाहुणा आपला फोटो विसरलेला असायचा.

मी आधी चिडले. मग स्टेजजवळ उभी राहिले आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटायला लागली. आयुष्यात इतकी माणसं माझ्या शब्दावर कधी हलली नव्हती. मान वर करा म्हटलं की मान वर. पदर नीट घ्या म्हटलं की नऊवारीतल्या आज्यासुद्धा पदर सावरायच्या. कॅमेऱ्याला डोळा लावायचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. हल्लीचे लोक मागच्या पडद्यात बघून फोटो काढतात, म्हणून मीही तो विझलेला काळा पडदा समोर धरून बघत होते, आणि त्या काळ्या पडद्याकडे बघूनच ‘वा, छान’ म्हणत होते.

त्या गर्दीत एक म्हातारं जोडपं आलं. नवरदेवाचे चुलत आजोबा पुंजाराम आणि त्यांची बायको चिमणाबाई. दोघं इतकी लांब लांब उभी राहिली की मधून नवरी गेली असती. मी म्हटलं, आजी, जरा जवळ सरका, आजोबा काही चावत नाहीत. आजूबाजूचे हसले, आजी सरकल्या, मी फ्लॅश पाडला आणि पुढच्या जोडीला हाक मारली.

त्यानंतरच्या बुधवारी पुंजारामआजोबा आमच्या दुकानात हजर. बुधवारच्या बाजाराला नाशकात आले होते, तिथून पुढे आमच्याकडे, हातात पानाच्या द्रोणात करवंदं. त्यांना तो फोटो हवा होता. ह्यांनी सांगितलं, लॅबमध्ये आहे. पुढच्या बुधवारी जांभळं आली. ह्यांनी सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय. आजोबांनी काळजीनं विचारलं, माणसांनाबी होतो का? त्यापुढच्या बुधवारी आंबे आले, आणि मला ते गोड लागेनात.

मी त्यांना बसवून चहा दिला आणि विचारलं, आजोबा, एवढी घाई कशाची?

मग कळलं. आजोबांनी काही वर्षांपूर्वी चिमणाबाईंची म्हैस विकली होती. चांदी तिचं नाव. चिमणाबाईंनी तिला माहेराहून पारडू म्हणून आणलं होतं, अंगाखांद्यावर वाढवलं होतं. म्हैस आटली, आजोबांनी बाजारात नेऊन विकून टाकली, आणि घरी येऊन सांगितलं. त्या दिवसापासून चिमणाबाई नवऱ्याशी बोलत नाहीत. भाकरी करतात, वाढतात, आजारपणात काढेसुद्धा देतात, पण बोलायचं असलं की खांबाशी बोलतात. ‘भाकर वाढली म्हणावं’ असं खांबाला सांगतात, आणि आजोबा पाटावर येऊन बसतात. आजोबाही मग खांबालाच उत्तर देतात. गावात त्या खांबाला लोक जावई म्हणतात.

हे सांगताना आजोबा स्वतःच हसत होते. मग हसणं थांबलं.

“फोटोच्या टायमाला ती हसली बाई. मी कडेनं बघितलं. पण डोळ्यात मोतीबिंदू हाय, भरवसा नाय. खरंच हसली आसंल तर मी जाऊन बोलंन तिच्याशी. नसंल तर आता या वयात आजून तोंडघशी पडायचं नाय मला. म्हून फोटो पायजे.”

ते गेल्यावर मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की ह्यांनी काचेवरची धूळ पुसायला घेतली. म्हटलं, आजोबांना खरं सांगा. हे म्हणाले, मल्हारी फोटोवाला रिकामे फ्लॅश मारतो हे एकदा बाहेर पडलं, की उद्या सगळं एकलहरं आणि परवा सगळा नाशिक रोड आपला अल्बम तपासत बसेल. धंदा उठेल. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला आणखी राग आला.

त्यावर ह्यांनी उपाय शोधला तो ऐका. लग्नातल्या एका पंगतीच्या फोटोत चिमणाबाई सापडल्या, गालात जिलबी धरलेल्या. दुसऱ्या फोटोतून पुंजारामआजोबा उचलले. कॉम्प्युटरवर दोघांना शेजारी चिकटवलं आणि आजींचे ओठ ओढून ओढून हसू काढायला बसले. सकाळी बसलेला माणूस दुपारपर्यंत उठला नाही. शेवटी मला कौतुकानं हाक मारली. पडद्यावर चिमणाबाई नवऱ्याचा कान तोडायला निघाल्या होत्या.

मी म्हटलं, पुसा ते. हे म्हणाले, थोडं आणखी ओढलं की जमेल.

“पुसा म्हणते ना. त्या बाईचं हसू आपण ठरवणारे कोण? नसेल हसली ती, आणि आजोबा हा कागद घेऊन तिच्यासमोर गेले, तर खांबाशी बोलायचीसुद्धा बंद होईल.”

त्यांनी पुसलं. पण येत्या बुधवारी काय सांगायचं ते दोघांनाही सुचलं नाही.

बुधवार आला, आणि दुकान उघडतंय तोच पायरीवर चिमणाबाई. एकट्या. सकाळची पहिली एसटी धरून आल्या होत्या, म्हातारा दुपारी यायच्या आत. त्यांनी सुनीलकडून आमचा पत्ता काढला होता. आत आल्या, बाकड्यावर न टेकता उभ्याच राहिल्या आणि मला म्हणाल्या, तो फोटो फाडून टाक. त्यांना देऊ नको.

मी कारण विचारलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“हसले व्हते मी,” त्या म्हणाल्या. “तू म्हणली आजोबा चावत नाय, तर आलं हसू. त्यांनी बघितलं तर त्यांना वाटंल म्हशीचं मिटलं. म्हशीचं नाय मिटलं.”

आणि मग, फाडायच्या आधी मला एकदा दाखव, असं हळूच म्हणाल्या. दोघांचा एकत्र फोटो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ते ऐकलं आणि मला तिथेच रडू यायला लागलं. त्या फोटोची आशा धरून आता दोन म्हातारी माणसं बसली होती, एक मिळावा म्हणून आणि एक फाडावा म्हणून, आणि फोटो तर कुठेच नव्हता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याआधी उठले. वर जाऊन तो आंधळा कॅमेरा घेऊन आले, आजींच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. रोलची गोष्ट, पाहुण्यांची गोष्ट, काळा पडदा, सगळं. ‘चूक माझी आहे, हिची नाही’ असंही म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते.

आजींनी कॅमेरा उलटा करून बघितला, हलवून बघितला, कानाशी धरला.

“यालाच बघून हसले मी?” त्या म्हणाल्या. “आंधळा हाय तर घरात कशाला ठिवला?”

मी आजींचे पाय धरायचीच बाकी होते.

मी त्यांना बसवलं, पोहे केले, त्या नको नको म्हणत खात होत्या. फोटो नसल्याचं कळल्यावर सुटका झाल्यासारखं व्हायला हवं होतं, पण तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसेना. मग त्यांनीच विचारलं, आता त्यांना काय सांगशील? मी म्हटलं, खरं सांगेन, फोटो निघालाच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, मग त्यांना वाटंल मी हसलेच नाय. मी म्हटलं, तुम्हाला तेच तर हवं होतं ना? त्यांनी ताटली खाली ठेवली आणि पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

पुंजारामआजोबा त्या दिवशी दुपारची वाट न बघता लवकर आले. बायको न सांगता पहिल्या एसटीनं नाशकाला गेली, ती आमच्याकडेच आली असेल या अंदाजानं, काळजीत बाजारसुद्धा केला नव्हता. हात रिकामे होते. दारात येऊन त्यांनी आत बघितलं, चिमणाबाई बाकड्यावर दिसल्या, आणि ते तिथेच उंबऱ्याबाहेर उभे राहिले. बोलायची सवय नसलेली दोन माणसं, आणि आमच्या दुकानात एकही खांब नाही.

चिमणाबाईंनी आधी माझ्याकडे तोंड केलं.

“त्यांना सांग, फोटो निघाला नाय. कॅमेरा आंधळा व्हता.”

मी सांगितलं, जणू आजोबांना ऐकूच आलं नव्हतं. आजोबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा असा पडला की मला वर बघवेना. त्यांनीही मग मलाच सांगितलं, की आसूद्या, तुमी तरी काय करणार. आणि ते वळले. पायरी उतरायला लागले.

“थांबा,” चिमणाबाई म्हणाल्या. ते मला नव्हतं, ह्यांना नव्हतं, भिंतीलाही नव्हतं. आजोबा पाठमोरेच थबकले.

“म्हस इकताना मला इचारलं नाय तुमी. आता मी हसले का नाय, त्येबी मला इचारलं नाय. फोटोवाल्याला इचारत बसले. बुधवारच्या बुधवार एसटीत बसून इथवर येता. मी तर घरातच व्हते.”

आजोबा वळले. आमचे हे कॅमेऱ्याचा पट्टा हातात घट्ट धरून उभे होते, जणू तोच त्यांना धरून ठेवणार होता. शेवटी आजोबा पायरी चढून आत आले, बाकड्यासमोर आले, टोपी काढून हातात घेतली.

“हसली व्हतीस का?”

“हसले व्हते,” आजी म्हणाल्या. “म्हशीचं येगळं.”

“म्हशीचं येगळं,” आजोबांनी मान्य केलं. आणि मग, जे कधीच बोलायला हवं होतं, ते बोलले. “इचारायला पायजे व्हतं.”

मी स्वयंपाकघराचं निमित्त काढून वर गेले आणि डोळे पुसून आले. आल्यावर बघते तर दोघं निघाली होती. मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले. वाटेत चिमणाबाईंनी चांदीचा विषय काढला, तो गाडी सुटेपर्यंत चालू होता. ती कशी रवंथ करायची, कुणाच्या हाकेला यायची, विकली त्या दिवशी तिच्या गळ्यात कुठली दोरी होती. खिडकीतून मला आजोबा दिसत होते. ते फक्त मान हलवत होते आणि त्यांचं तोंड आनंदानं नुसतं पसरलं होतं.

मी परत आले तर ह्यांनी चारही कॅमेरे काउंटरवर मांडून ठेवले होते, दारावरचा जांभळासुद्धा. मला म्हणाले, सरिता, काय करायचं यांचं, तू सांग. मी इतके दिवस याच प्रश्नासाठी हपापले होते. आणि आता विचारल्यावर मला चटकन ‘मोडीत’ म्हणवेना. मीच उलट विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी आंधळा, जांभळा आणि सेलखाऊ असे तिघे कारभारीकडे, आणि फ्लॉपीचा तेवढा ठेवायचा, असं ठरलं. रिकामे फ्लॅश बंद, हेही ठरलं. ज्याला अल्बममध्ये घ्यायचं नाही त्याला तसं तोंडावर सांगायचं. त्यापायी पुढच्याच लग्नात नवऱ्या मुलाच्या एका मावशीनं ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो मी मान खाली घालून ऐकला, कारण त्या ऑर्डरलाही मी बरोबर होते.

पुढच्या बुधवारी पुंजारामआजोबा पुन्हा दुकानात. द्रोणात पुन्हा जांभळं. मला वाटलं, पुन्हा बिनसलं की काय. तर ते बाकड्यावर बसले, घाम पुसला, आणि घराची हकिकत सांगायला लागले. म्हणे, थांबतच नाय. सकाळी चूल पेटली की सुरू, ते मी घोरायला लागेस्तोवर. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं काढलंय बाहेर. म्हस तर हायेच, पण म्हशीच्या आधीचंबी. तक्रार करत होते की कौतुक, ते काही केल्या मला कळेना.

ह्यांना अजून टोचणी होती. ह्यांनी नवा, डोळस कॅमेरा काढून दाखवला आणि सांगितलं, आजोबा, आता दोघं या, मी माझ्या हातानं काढतो तुमचा जोडीचा फोटो, मोठा करून चौकटीत बसवून देतो, एक पैसा नको. आणायचं तेवढं आजींना घेऊन या, येत्या बुधवारी. आम्हाला वाटलं, म्हातारा लगेच हो म्हणेल.

आजोबा उठले. टोपी डोक्यावर घातली, द्रोण माझ्या हातात दिला.

“तिला इचारून सांगतो,” ते म्हणाले.